कंपनीचा गुन्हा आणि पन्नास हजारांचा दंड

विरार पूर्वेच्या विजयनगरातील रमाबाई अपार्टमेंट २०२५ साली गणेशचतुर्थी उजाडण्यापूर्वीच्या मध्यरात्री कोसळले आणि १७ माणसे ढिगाऱ्याखाली गतप्राण झाली. इमारत अनधिकृत होती. त्यापूर्वी २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्याच विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून १३ रुग्ण मृत्युमुखी पडले होते. दोन्ही वेळी अटका झाल्या. त्या प्रकरणांतील दोषादोष ठरविणे हे न्यायासनाचे काम आहे. आमचा प्रश्न त्याहून व्यापक आहे. आज वसई-विरारमध्ये घरे बांधणारा, रुग्णालय चालविणारा, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत यंत्रे फिरविणारा पुष्कळदा कोणी एकटा इसम नसतो. ती कंपनी असते. नफा तिच्या नावे जमा होतो. मग तिच्या हलगर्जीपणाने माणूस मेला तर गुन्हा कोणाच्या नावे जमा व्हावा?

कायदा याबाबत मुका आहे असे मुळीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येत ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचाही समावेश होतो. कंपनीस तुरुंगात कसे घालावयाचे, या अडचणीपायी २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्यांचा मार्ग अडविला होता. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो मोकळा केला: कैद अशक्य असेल तेथे दंड करावा, खटला मात्र चालवावा. कंपनीचा कारभार ज्यांच्या मुठीत आहे त्यांचा हेतू हाच तिचा हेतू, हेही २०१० च्या मोटोरोला प्रकरणात मान्य झाले.

तथापि अडचण नेमकी येथेच आहे. मोठ्या कंपनीतील निष्काळजीपणा कोणा एकाच्या मनात सापडत नाही. खर्चाला कात्री लावणारा एक, तपासणी पुढे ढकलणारा दुसरा, कागदावर सही करणारा तिसराच. २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालानुसार संचालकाचा स्वतःचा सक्रिय सहभाग दिसावा लागतो, किंवा कायद्यात तशी स्पष्ट तरतूद असावी लागते. न्याय संहितेत ती नाही. मग हाती लागतो तो बिचारा व्यवस्थापक.

आणि कंपनी दोषी ठरलीच तर? निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, आणि त्याला ५० हजार रुपयांहून अधिक दंड करण्याचा अधिकार नाही. अधिक शिक्षा हवी असल्यास प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. ५० हजारांत विरारला सदनिकेचा बयाणाही धड होत नाही! भोपाळच्या हत्याकांडाबद्दल युनियन कार्बाइड इंडिया कंपनीला जून २०१० मध्ये झालेला दंड सुमारे पाच लाखांचा होता, हे वाचकांना आठवत असेलच.

आंतरराष्ट्रीय कायद्याकडे पाहून धीर यावा असेही नाही. न्यूरेंबर्गला आय. जी. फार्बेनचे संचालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले; कंपनी राहिली नाही. १९९८ साली रोमच्या परिषदेत कंपन्यांनाही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत आणण्याची फ्रान्सची सूचना बारगळली.

ब्रिटनने मात्र २००७ साली स्वतंत्र कायदा केला. तेथे एकच दोषी मन शोधत बसावे लागत नाही. वरिष्ठांनी कारभाराची घडीच कशी बसविली होती, हे तपासले जाते. दंडास वरची मर्यादा नाही, आणि आपल्या दोषसिद्धीची जाहिरात स्वखर्चाने देण्याचा हुकूमही न्यायालय कंपनीस करू शकते. आमच्या मते हा शेवटचा उपाय आपल्याकडील बांधकाम व्यवसायास कोणत्याही दंडाहून अधिक झोंबेल.

असा कायदा संसदेने करावा. दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा, आणि सुरक्षिततेस जबाबदार असलेल्या एका संचालकाचे नाव बांधकामाची परवानगी देतानाच नोंदविले जावे. ब्रिटिश कायदा सरकारी खाती व स्थानिक संस्था यांनाही लागू आहे. २००९ साली स्थापन झालेली आपली महानगरपालिका हीदेखील कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्तीच आहे. अनधिकृत मजले तिच्या डोळ्यांदेखत चढतात. तेव्हा या कायद्यातून तिला वगळण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.