वाघदेव चेंडूत मावेल का?

पोकेमॉनचा पुढचा खेळ कोणत्या भूभागावर बेतलेला असेल, याच्या तर्कांना दर वेळी उधाण येते. एकदा तरी भारत यावा, ही इथल्या चाहत्यांची जुनी इच्छा. मग त्यातले ‘लेजेंडरी’ कोण, याच्या याद्या सुरू होतात: शरभ, गंडभेरुंड, नवगुंजर. त्या यादीत सातपुड्याचा वाघदेवही घालावा, असे कोणाला वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्या तिघांना माझी हरकत नाही. चौथ्याला आहे, आजचा धागा त्या हरकतीविषयी.

आधी खेळाचे मूळ पाहू. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन खेळ आले. निर्माते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. ‘पकडा आणि साठवा’ ही कल्पना तिथून आली. अद्भुत प्राण्यांची सचित्र यादी करण्याची हौस मात्र जपानात त्याहून जुनी. तोरियामा सेकिएन या चित्रकाराचा भुताखेतांचा संग्रह १७७६ सालचा. १९९९च्या खेळातील ‘हो-ओह’ हा पक्षी ‘होओ’ या पौराणिक पक्ष्यावरून घेतला आहे, आणि होओच्या कांस्यप्रतिमा क्योतोजवळच्या ब्योदोइन मंदिरात, १०५३ साली उभारलेल्या दालनाच्या छपरावर बसवलेल्या होत्या. म्हणजे राजाश्रयाच्या शिल्पातला पक्षी खेळात आला.

आपल्याकडे याच जातीचे प्राणी म्हणजे शरभ आणि गंडभेरुंड. दुर्गांच्या दरवाजांवर तुम्ही ते पाहिले असतील. जंजिऱ्याच्या महाद्वारावरचे, हत्तींना जखडून धरणारे श्वापद तर प्रसिद्धच आहे. दोन तोंडांचा गंडभेरुंड म्हैसूरच्या वोडेयरांचे चिन्ह होता आणि आज कर्नाटकच्या राजमुद्रेत आहे. ही सत्तेची चिन्हे. एका घराण्याने घ्यावीत, दुसऱ्याने बदलावीत, तिसऱ्याने शत्रूला हिणवण्यासाठी दगडात कोरावीत, हाच त्यांचा इतिहास. त्यांना खेळात घेतल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही.

‘देवाला खेळात आणू नये’ असेही माझे म्हणणे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची बारा. मत्स्यावर वराहाची उतारी करताना खेळणाऱ्याला पाप लागत नव्हते. पण ती पाने रंगवणारे आणि खेळणारे त्याच परंपरेतले होते, आणि त्या डावात कोणी नरसिंहाला ‘पकडत’ नव्हते.

आता वाघदेव. सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्यांत, तसेच डांग आणि पालघरच्या पट्ट्यात त्याची पूजा होते. वारली समाजातील एक कथा अशी: वाघोबा एका मुलीच्या पोटी जन्माला आला, गुरे मारू लागला, गाव चिडले. तेव्हा आईने तडजोड घडवली. त्याने रानात राहावे, आणि गावाने वर्षातून एकदा, वाघबारशीला, त्याचा वाटा द्यावा. या कथेत वाघाला कोणी जिंकत नाही. तो करार आहे, आणि करारातल्या एका पक्षाला चेंडूत कोंडून खिशात घालता येत नाही.

रानातल्या वाघाला जिंकून मोजणारे मात्र खानदेशात येऊन गेले आहेत. १८२५ साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम वाघांच्या शिकारीसाठीही तितकाच गाजला. वाघ म्हणजे हिशेबातली संख्या, ही दृष्टी खेळाच्या यादीपेक्षा फार जुनी आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. हे जुन्या मेहवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी पहाटे पेटते. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि अंगावर पांढरे ठिपके असे बावा-बुध्या रात्रभर नाचतात. त्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. त्यामागच्या ‘पाळणी’विषयी फार थोडे बोलले जाते. नवस फेडणारा माणूस होळीच्या दिवसांत पायात वहाण घालत नाही, खाटेवर झोपत नाही, ब्रह्मचर्य पाळतो. उद्या एखाद्या चित्रकाराने तो टोप एखाद्या काल्पनिक प्राण्याच्या डोक्यावर चढवला, तर चित्र देखणे होईलही. पण त्यात एका आदिवासी माणसाचे व्रत ‘राक्षस’ म्हणून नोंदले जाईल. आदिवासींना माणसापेक्षा रानाचाच भाग समजण्याची खोड आपल्याला आधीच आहे.

पोकेमॉनने ही चूक एकदा अर्धवट केली आहे. २०१६च्या हवाईसदृश ‘अलोला’त चार बेटांचे चार रक्षक देव आहेत, आणि त्यांच्या नावाआधी ‘टापू’ हा शब्द येतो. (मराठी ‘टापू’शी त्याचा संबंध नाही.) पॉलिनेशियन भाषांत तो ‘पवित्र म्हणून निषिद्ध’ या अर्थाचा, म्हणजे जवळजवळ पाळणीच. तरीही खेळाडू चेंडू फेकून त्यांना पकडतोच.

कंपन्या ऐकत नाहीत, असेही नाही. २००१ साली लेगोच्या ‘बायोनिकल’ खेळण्यांत माओरी शब्द वापरल्यावर माओरींनी वकिलामार्फत आक्षेप घेतला. त्यानंतर ‘तोहुंगा’सारखे नाव बदलून ‘मातोरान’ झाले.

तेव्हा भारतीय भूभाग आलाच, तर वाघदेव त्यात असावा, पण त्याच्यासमोर चेंडू फेकण्याचा पर्यायच नसावा. शिवेवर त्याचे ठाणे असावे, खेळाडूने वाटा ठेवावा, आणि विसरला तर रानातली वाट बंद व्हावी. आणि तो कसा दिसतो, हे ठरवण्याआधी त्याला पुजणाऱ्यांना विचारले जावे.

शरभांविषयी मात्र खुशाल तर्क लढवा. तुमच्या जवळच्या दुर्गावर एखादा असेल, तर दुर्गाचे आणि दरवाजाचे नाव लिहून छायाचित्र खाली जोडा.