केमोने गाठ विरघळली, मग ऑपरेशन कशाला?

स्तनाचा कॅन्सर म्हटले की "आधी ऑपरेशन करून गाठ काढून टाका" असेच घरातल्या सगळ्यांना वाटते. त्यामुळे "आधी केमोथेरपी, ऑपरेशन नंतर" असे सर्जनने सांगितले की नातेवाईक घाबरतात. आजार हाताबाहेर गेला की काय, अशी शंका येते. पुढे तीन-चार डोसनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली की तेच नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आता ऑपरेशनची गरजच काय?"

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण हे दोन्ही प्रश्न पेशंट बऱ्याचदा आधी आमच्यासारख्यांनाच विचारतात. माझे मत असे: केमोने गाठ किती विरघळली, हा अंतिम निकाल नाही. पुढचे उपचार ठरवायला मदत करणारी ती माहिती आहे.

आधी केमो का देतात?

गाठ मोठी असेल किंवा आजार काखेतल्या ग्रंथींपर्यंत गेला असेल, तर गाठ लहान करून ऑपरेशन सोपे करता येते. अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. यात वेळ वाया जातो का? अमेरिकेत १९८८ साली 'एनएसएबीपी बी-१८' हा अभ्यास सुरू झाला. त्यात दीड हजारांवर स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी आणि निम्म्यांना ऑपरेशननंतर तीच केमो दिली. दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले. आधी केमो घेतलेल्या गटात मात्र स्तन वाचवता आलेल्या स्त्रिया जास्त होत्या. म्हणजे योग्य रुग्णाला आधी केमो देणे हा उशीर नव्हे.

गाठ 'गेली' हे कोण ठरवणार?

आपला हात नाही, सोनोग्राफी नाही आणि एमआरआयसुद्धा नाही. तपासणीत काहीच दिसत नसताना कॅन्सरच्या पेशी शिल्लक असू शकतात. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग आणि काखेतल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच खरे चित्र कळते. तिथे आक्रमक कॅन्सर अजिबात सापडला नाही, तर त्याला 'पॅथॉलॉजिकल कम्प्लिट रिस्पॉन्स' म्हणतात. म्हणूनच गाठ दिसेनाशी झाली तरी ऑपरेशन करायचे असते. नंतर नेमकी जागा सापडावी म्हणून केमोआधीच तिथे बारीक क्लिप बसवतात. काही निवडक रुग्णांत ऑपरेशन टाळता येईल का, यावर संशोधन चालू आहे. पण तो निर्णय घरी बसून घेण्यासारखा नाही.

असा पूर्ण प्रतिसाद मिळाला तर आयुष्य वाढते का?

२०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये बारा अभ्यासांतल्या जवळजवळ बारा हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. पूर्ण प्रतिसाद मिळालेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते. हा फरक ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत सर्वांत ठळक होता. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह प्रकारात पूर्ण प्रतिसाद कमी जणींना मिळतो, पण त्यातल्या हळू वाढणाऱ्या गाठींचे भवितव्य एरवीही बरे असते. तिथे पुढे अनेक वर्षे घ्यायच्या हॉर्मोनविरोधी गोळ्या फार मोलाच्या. त्यामुळे शेजारणीची गाठ पूर्ण गेली आणि आपली गेली नाही, ही तुलना निरर्थक आहे. दोघींचा कॅन्सरच वेगळा असू शकतो.

कॅन्सर उरला तर?

"केमो फुकट गेली" असे समजून अनेक जण खचतात. हे सर्वांत चुकीचे. हर-टू पॉझिटिव्ह आजार उरलेल्या रुग्णांवर 'कॅथरीन' नावाचा अभ्यास झाला. त्यात पुढचे औषध बदलून टी-डीएम-१ दिल्यावर तीन वर्षांनी सुमारे ८८ टक्के रुग्ण आजार न उलटता होते. आधीचेच ट्रॅस्टुझुमॅब चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण ७७ टक्के होते. जपान व दक्षिण कोरियातल्या अभ्यासात ट्रिपल निगेटिव्ह आजार उरलेल्यांना ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७० वरून ७९ टक्क्यांवर गेले. ऑपरेशनच केले नाही, तर काय उरले आहे हे नीट कळणार नाही आणि ही संधीही हातची जाईल.

तेव्हा केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा: माझा कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे? क्लिप बसवणार का? ऑपरेशन साधारण कधी? आणि ऑपरेशननंतर विचारा: रिपोर्टमध्ये काय उरले आहे, त्यानुसार औषध बदलायचे का? बायोप्सीचा आणि ऑपरेशननंतरचा, हे दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा. गाठ विरघळली याचा आनंद जरूर माना, पण ऑपरेशनची तारीख चुकवू नका.