शास्त्रज्ञाला शाळेत बोलवायचे तर

येत्या २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांच्या १९२८ सालच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून आपल्या देशात हा दिवस पाळला जातो. शाळेत त्या दिवशी काय होते, ते आपण सारे जाणतो. फळा सजतो, रांगोळी निघते, चार मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. प्रमुख पाहुणे येतात, त्यांना शाल-श्रीफळ दिले जाते. "मुलांनो, खूप शिका, शास्त्रज्ञ व्हा," असे सांगून ते निघून जातात. टाळ्या होतात आणि शाळा सुटते.

या सगळ्यात एकच गोष्ट राहून जाते. मुलांनी शास्त्रज्ञ पाहिलेलाच नसतो. डॉक्टर, वकील, व्यापारी, ट्रकचालक, मौलानासाहेब ही सगळी माणसे त्यांच्या रोजच्या ओळखीची असतात. शास्त्रज्ञ मात्र धड्यातला, बहुधा परदेशी आणि बहुधा हयात नसलेला. जे माणूस कधी डोळ्यांनी पाहिले नाही, तसे आपणही होऊ शकतो असे मुलाला वाटणार तरी कसे?

खऱ्या जाणकाराची भेट काय करू शकते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. सलीम अली यांचे आई-वडील लहानपणीच वारले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, असे मुलाने मामांना विचारले. मामांनाही ठाऊक नव्हते. पण "जा, खेळ" असे न म्हणता त्यांनी चिठ्ठी लिहून त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. ही गोष्ट १९०८ ची. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला चिमणीची जात सांगितलीच, शिवाय पक्ष्यांचे जपून ठेवलेले नमुने उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे हाच मुलगा भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ झाला. मिलार्ड हे काम पगारासाठी करत नव्हते. त्यांनी एका मुलाला थोडा वेळ दिला आणि त्याचा प्रश्न खरा मानला.

डॉ. जयंत नारळीकर गेल्या वर्षी २० मे रोजी आपल्यातून गेले. मुले त्यांच्याभोवती सहीसाठी गर्दी करत, तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. अशा कितीतरी पत्रांना त्यांनी स्वतः उत्तरे दिली. १९८८ साली पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली, आणि विज्ञान दिनाला संस्थेची दारे सर्वांसाठी उघडू लागली.

शास्त्रज्ञांनी खेड्यातल्या शाळेत जाऊन काम केल्याचे मोठे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत एक उपक्रम सुरू झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ आपला वेळ देऊन तिथे जात आणि खेड्यातल्या शिक्षकांबरोबर प्रयोग करत. पाठ करण्याऐवजी मुलांनी स्वतः करून पाहावे, हा त्याचा गाभा. हा उपक्रम तीस वर्षे चालला आणि शेकडो शाळांत पोहोचला. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण, चौकोन, घरे बनवायचे त्यांचे प्रयोग तिथूनच निघाले. पुढे आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बसून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असते, तिथेही ही खेळणी होतात.

आता कोणी म्हणेल, मॅडम, पुण्या-मुंबईचे मोठे लोक सायखेड्याला कशाला येतील? तर मग आपल्या आसपास नजर टाका. नाशिक-औरंगाबाद रस्त्यावर चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र आहे. कांदा-लसणाच्या जाती तिथे तयार होतात. कुंदेवाडीला कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. थंडीत "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी येते, ती बहुतेकदा इथल्याच तापमापकाची असते. लासलगावला भाभा अणु संशोधन केंद्राने उभारलेले विकिरण केंद्र २००२ पासून आहे. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर मेरी ही धरणे आणि पाणी यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. मुलांना द्राक्षबागेतल्या शेकोट्या ठाऊक असतात, कांद्याची चाळ ठाऊक असते, पण या विषयांवर आयुष्य घालवणारी माणसे आपल्याच तालुक्यात आणि जिल्ह्यात आहेत, हे ठाऊक नसते.

एका वर्षी आमच्याकडे कांद्यावर काम करणार्‍या एक संशोधक बाई आल्या होत्या. भाषण नको, असे त्यांनी आधीच सांगितले होते. मुलांनी घरून कांदे आणले. त्यांनी कोंब आलेला आणि न आलेला असे दोन कांदे उभे कापले आणि मधला बारीक कोंब दाखवला. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, लाल कांदा का टिकत नाही? विकिरण केल्यावर कोंब का येत नाही? त्या सांगत होत्या की कांदा काढल्यावर काही काळ झोपी जातो, मग मधल्या कोंबाच्या पेशी वाढू लागतात, आणि विकिरणाने नेमकी ती वाढ थांबते. पेशीला उर्दूत खलिया म्हणतात, हे मी मुलांना तिथेच सांगितले. दारात मार्केटला हमाली करणारे एक पालक उभे होते. त्यांनीही हात वर केला. आयुष्यभर कांद्याच्या गोण्या उचलणार्‍या माणसाचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला : एकाच चाळीत, एकाच दिवशी भरलेला माल, एका कोपर्‍यातला आधी का सडतो? बाईंनी वही काढून ते लिहून घेतले आणि चाळीत हवा कुठून येते, ओल कुठे धरते, असे त्यांनाच उलट विचारले.

त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. आता ती दहावीत आहे. तिला अकरावीला सायन्स घ्यायचे आहे. अब्बांचे म्हणणे होते, मुलगी हुशार आहे, मान्य, पण रोज एसटीने जायचे, उशिरा यायचे, आणि शेवटी करणार काय? ही चिंता खोटी नाही, तिला हसू नये. निर्णय अजून झालेला नाही. मात्र त्या घरात आता त्यावर बोलणे होते, आणि बोलताना "त्या कांद्यावाल्या मॅडम" यांचे नाव निघते. दहावीनंतर आपल्या किती मुली केवळ उदाहरण समोर नाही म्हणून विज्ञान सोडतात, याचा विचार प्रत्येक आई-वडिलांनी करावा.

शास्त्रज्ञाला बोलवायचे तर काही गोष्टी आधी कराव्यात. मुख्याध्यापकांचे पत्र दोन-तीन आठवडे आधी द्यावे आणि सोबत मुलांनी स्वतः लिहिलेले दहा प्रश्न जोडावेत. आमच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पूर आला की सायखेड्यात आणि चांदोरीत पाणी इतके का चढते? २०१६ आणि २०१९ चे पाणी त्यांनी पाहिले आहे किंवा घरच्यांकडून ऐकले आहे. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, मागे तुंबणारा फुगवटा, हे नकाशावर समजावणारा अभियंता आला, तर भूगोलाचा आणि विज्ञानाचा धडा एकदमच होतो.

सगळी शाळा मैदानात बसवू नये, एक-दोन वर्ग पुरेत. पाहुण्यांना सांगावे की येताना हातात धरता येईल असे काही आणा. उर्दू माध्यमाची मुले असतील तर शिक्षकाने शेजारी उभे राहावे. मराठीतले प्रकाशसंश्लेषण म्हणजेच आपली ज़ियाई तालीफ, हे कळले की निम्मी भीती जाते. शालीचा खर्च वाचवून एक चांगले भिंग आणावे. आणि पाहुणे गेल्यावर प्रत्येक मुलाने एक पत्र लिहावे : आभाराची एक ओळ आणि एक नवा प्रश्न.

पुढचे काम शिक्षकाचे आणि घराचे. डॉ. अब्दुल कलाम सांगत असत की पाचवीत असताना शिवसुब्रमण्य अय्यर सरांनी पक्षी कसा उडतो ते फळ्यावर शिकवले, आणि मुलांना समजले नाही असे दिसताच सगळ्या वर्गाला रामेश्वरमच्या समुद्रकिनारी नेऊन उडणारे पक्षी दाखवले. आपल्याला तर समुद्रापर्यंतही जायला नको. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जगाच्या यादीत गेले. हिवाळ्यात हजारो किलोमीटरांवरून थापट्या आणि तलवार बदके तिथे उतरतात. वनखात्याचे आणि पक्षिनिरीक्षकांचे जाणते लोक तिथे भेटतात. घरी मुलाने काही विचारले आणि उत्तर आले नाही, तर अमिरुद्दीन मामांसारखे करावे : "मला ठाऊक नाही, चल, कोणाला ठाऊक आहे ते शोधू."

यंदा २८ फेब्रुवारीला शनिवार आहे आणि रमजानही. मुले आणि काही शिक्षक रोज्याचे असतील, म्हणून कार्यक्रम सकाळी पहिल्या दोन तासांतच उरकावा. पत्र मात्र याच आठवड्यात जावे. आणि पाहुणे पक्षी फेब्रुवारी सरता सरता परतीला लागतात, तेव्हा नांदूरमध्यमेश्वरची सहल त्याआधीच काढावी.