गिटारविना रॉक अँड रोल

जुन्या संगीताला नवं रूप द्यायचं म्हणजे त्यात भर घालायची, वाद्यं वाढवायची, हा समज आपल्याकडे आणि जगभर पक्का रुजला आहे. न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड' या जोडीचा १९७७ सालचा पहिला अल्बम तो खोडून काढतो. अ‍ॅलन व्हेगाचा आवाज, मार्टिन रेव्हचा ऑर्गन आणि एक तालयंत्र, एवढाच संसार. गिटार नाही, ड्रमवादक नाही. तरीही ही सात गाणी पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची खरी वारसदार आहेत, असं माझं ठाम मत आहे. मुळात ते संगीतच सडसडीत होतं. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसला एल्व्हिस प्रेस्लीने 'दॅट्स ऑल राइट' गायलं, तेव्हा त्याच्या हातात गिटार होती, जोडीला दुसरी गिटार आणि डबल बास; ड्रम नव्हतेच. ठेका, गळा आणि प्रतिध्वनी यांवर ते उभं राहिलं. व्हेगाने नेमकं तेच उचललं. शब्दाच्या टोकाला येणारी ती उचकी, ती कुजबुज त्याच्या गळ्यात एल्व्हिसकडून आली. 'शेरी' हे गाणं तर त्या काळच्या हळव्या प्रेमगीतांच्या घरातलंच आहे.

यंत्राने गाण्यातला माणूस मारला, असा आक्षेप घेतला जातो. 'फ्रँकी टिअरड्रॉप' ऐकणाऱ्याला तो पटणार नाही. कारखान्यात राबूनही संसार न भागणारा तरुण कामगार बायको-मुलाला आणि स्वतःला संपवतो, तेव्हा मागचं यंत्र त्याच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. दहा मिनिटांहून लांब चाललेला तो निर्विकार ठोका त्या कारखान्याचाच आहे. जिवंत ड्रमवादकाने तिथे कळवळून हात सैल सोडला असता. आणि एकसुरीपणाचं म्हणाल, तर तानपुऱ्यासमोर बसणाऱ्या आपल्या कानांना अचल सूर गायकाला किती मोकळीक देतो, हे सांगायला नको. श्रोत्यांनीच त्यांना नाकारलं, हे मात्र खरं. १९७८ मध्ये ब्रसेल्सला एल्व्हिस कॉस्टेलोच्या आधी गायला उभ्या राहिलेल्या या दोघांची हुर्यो उडवली गेली, माइक पळवला गेला. पण ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या, त्याच जुन्या रॉक अँड रोलवर पोसलेल्या गायकाने त्यांना आपलं मानलं. २००५ च्या एकल दौऱ्यात तो मैफलीची सांगता पायपेटीवर करायचा, याच जोडीचं 'ड्रीम बेबी ड्रीम' गाऊन.