पडशीतली ताटली

आषाढी वारीतली पालखी पुढे निघाली की मुक्कामाचं शेत जाऊन बघावं. चिखलात रुतलेले प्लास्टिकचे ग्लास, उष्ट्या द्रोणांचे ढीग. थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी त्याही सापडतात. म्हणूनच पडशीत आपली स्टीलची ताटली नि पेला घेऊन चालणाऱ्या दिंड्यांचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. पंगत उठली की टँकरच्या तोटीपाशी माऊली एकमेकांची ताटं घासून देतात आणि गावाच्या वाट्याला कचरा येत नाही. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमाने फिरत्या शौचालयांचं काम नेटाने हाती घेतलं, तसाच नेट आता अन्नदानातही हवा. वाटेवरच्या मंडळांनी यंदा बाटल्यांच्या खोक्यांऐवजी पाण्याची पिंपं ठेवावीत, आणि जेवण पळसाच्या पत्रावळीवर वाढावं.