तुर्कांनी रस्ता अडवला, म्हणे!

जगाचा इतिहास मुलांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो रंजक करा, असा उपदेश शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकावा लागतो. प्रश्नमंजूषा घ्या, पडद्यावर चित्रफीत दाखवा, एखाद्या मुलाला नेपोलियन करून उभे करा. नेपोलियनची टोपी भाड्याने मिळते. पण ती टोपी घातलेला मुलगा पुस्तकातले तेच जुने वाक्य घोकणार असेल, तर या रंजकतेला काय चाटायचे?

ते वाक्य आपण सर्वांनी घोकले आहे. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीयांना समुद्रमार्ग शोधावा लागला. हिंगणघाट तालुक्यातल्या एका वर्गात हे शिकवत असताना एका पिंजाऱ्याच्या मुलाने मला विचारले, ''सर, आपल्या लोकायनं रस्ता काहून अडवला?'' वर्ग हसला. तो हसला नाही.

पोर्तुगीजांनी आफ्रिकेतले सेउटा घेतले १४१५ साली, कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या अडतीस वर्षे आधी. १४५३ नंतरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मसाला घेतच होते आणि तो विकणारे मामलुकही मुसलमानच होते. तुर्कांच्या हाती इजिप्त आला १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामाला कालिकतला येऊन एकोणीस वर्षे झाली होती. मग रस्ता अडवला कोणी? एका सोप्या वाक्यासाठी आमचे पोर पिढ्यान्‌पिढ्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. वर आम्हाला सांगतात, जरा गंमत आणा!

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटले आणि कपाशीचे बोंड टेबलावर ठेवले. जगाचा इतिहास शिकवायला वर्धा जिल्ह्यात यापेक्षा चांगले साधन नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजूर उपाशी पडले आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर गेली. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, ती काही आपल्याला यात्रा घडवायला नव्हे. त्याच तेजीवर इजिप्तच्या खेदिवाने कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळले, १८७६ मध्ये इजिप्तचे दिवाळे वाजले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज तिथे उतरली. भाव पडला की काय होते, हे या जिल्ह्यातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. इजिप्त त्याला लगेच समजला. आणि 'कॉटन' हा शब्द अरबीतल्या 'कुत्न'वरून आला, हे सांगितल्यावर तो पिंजाऱ्याचा मुलगा ताठ बसला. अरबांनी कापूस स्पेनपर्यंत नेला. तलवारीबरोबर सरकीही गेली होती, हे कोणत्या धड्यात आहे?

ही माझी अक्कल नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद भरवली, तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हातातल्या उद्योगाशी सगळे विषय जोडायचे, त्याला नई तालीममध्ये समवाय म्हणत. टकळीवरून गणित, कापसावरून भूगोल आणि इतिहास. झाकिरसाहेब गांधीजींचे होयबा नव्हते. ही कल्पना अगदीच नवी नाही, आणि शाळेने स्वतःचा खर्च मुलांच्या श्रमातून काढण्यात धोका आहे, हे त्यांनी परिषदेतच बजावले होते.

त्या योजनेचे आपण काय केले? सरकारने ती गुंडाळली, हे खरेच. पण मुस्लिम लीगनेही ती धर्मबुडवी ठरवली. मध्य प्रांत सरकारने त्याच सुमारास 'विद्यामंदिर' योजना काढली. 'मंदिर' शब्द खटकला, आणि तो खटकायलाच हवा होता. मात्र नावाशी भांडताना आपण टकळीही उकिरड्यावर टाकली. जिचा मसुदा एका मुसलमानाच्या अध्यक्षतेखाली झाला, ती योजना आपल्या घरात परकी ठरली. आज आपले पुढारी पाठ्यपुस्तकातून मोगल काढले म्हणून पत्रके काढतात. काढावीत. परंतु २०२२ साली एनसीईआरटीने अकरावीच्या जागतिक इतिहासातून इस्लामी प्रदेशांचे प्रकरण वगळले, त्याच कात्रीने औद्योगिक क्रांतीचेही वगळले. पहिल्यावर आपण बोललो. दुसऱ्यावर एकही पत्रक माझ्या पाहण्यात नाही. जणू बादशहा तेवढे आपले आणि गिरणीत राबणारे, गाद्या भरत दारोदार फिरणारे आपले कोणीच नव्हेत!

त्या मुलाने आजोबांचे पिंजण वर्गात आणले होते. तांत तुटलेली होती. तरी सगळ्यांनी ते हाताळून पाहिले.

सहामाहीला प्रश्न आला : समुद्रमार्गांच्या शोधाची कारणे लिहा. त्याने आदल्या दिवशीच मला विचारले होते, काय लिहू? मी म्हणालो, पुस्तकातलेच लिही बाबा, नाहीतर गुण जातील.