विश्लेषण : तलावाचे हिरवे पाणी मासे नितळ करतील?

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी मोर्णा नदीतली जलकुंभी उपसली. ‘मन की बात’मध्ये त्याचे कौतुकही झाले. जलकुंभी मात्र परत आली. मोर्णा निदान पावसाळ्यात वाहते. अमरावतीच्या पाण्यासाठी ब्रिटिश काळात बांधलेल्या वडाळी आणि छत्री तलावांसारख्या जलाशयांत जे येते, त्यातले बरेचसे तिथेच साचते.

उपसूनही परत का येते?

सांडपाणी, कपड्यांचा साबण आणि शेतातून वाहून आलेले खत यांतून नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात येतात. पिकाला जे लागते तेच शेवाळाला आणि जलकुंभीला. वरची हिरवळ काढली तरी गाळात खत उरते. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू कमी झाला की गाळातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. शेवाळ दाटले की रात्री प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तडफडून मरतात.

यात माशांचा संबंध काय?

मोहरीच्या दाण्याएवढ्या पाणपिसवा दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातात. त्यांना लहान मासे खातात. लहान मासे वाढले की पाणपिसवा संपतात आणि शेवाळाला रान मोकळे मिळते. म्हणून लहान मासे काढायचे किंवा त्यांना खाणारे शिकारी मासे सोडायचे. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ शापिरो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये याला ‘बायोमॅनिप्युलेशन’ म्हटले. फिनलंडमधील लाहती शहराने व्हेसियार्वी तलावात जाणारे सांडपाणी १९७६ मध्ये थांबवले, तरी शेवाळ हटेना. मग १९८९ ते १९९३ दरम्यान हजार टनांहून अधिक मासे जाळ्यांनी काढले, तेव्हा पाणी नितळले. तेही कायमचे नाही. मासे काढणे पुढेही चालू ठेवावे लागले.

वऱ्हाडात जमेल?

जसेच्या तसे नाही. उष्ण पाण्यात टिलापियासारखे मासे वर्षातून अनेकदा पिल्ले देतात, मोठ्या पाणपिसवा कमी असतात. शिवाय तलावांत सहसा कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी खातो, मृगळ तळाचा गाळ उकरतो. डासांसाठी सोडलेले गप्पीही पाणपिसवांवर ताव मारतात. म्हणजे अन्नसाखळीत ढवळाढवळ आपण आधीच करतो, फक्त उलट्या दिशेने.

मरळ हा इथला शिकारी मासा. बाजारात भावही चांगला. पण तो कटला-रोहूचे बीजही खातो, त्यामुळे मच्छीमार संस्थांचे नुकसान होते. नितळ पाणी शहराला हवे असेल तर त्याची भरपाई भोई बांधवांच्या खिशातून होऊ नये. कोणते बीज किती सोडायचे, ही अट तलावाच्या ठेक्यातच घालता येते. त्याआधी नाल्यांची तोंडे बंद व्हायला हवीत. सांडपाणी येत राहिले तर मरळ सोडूनही पाणी फार दिवस नितळ राहणार नाही.